घरात बंदूक ठेवताना अलार्म कसा निवडावा : ब्रिटनमधील परवानाधारकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

ब्रिटनमध्ये शॉटगन किंवा रायफलचे सर्टिफिकेट देण्यापूर्वी पोलीस अर्जदाराचे घर पाहून जातात, आणि बंदूक तेथे सुरक्षित राहील याची खात्री पटल्याशिवाय ते सर्टिफिकेट देत नाहीत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे नेमबाजीची गोडी लागलेली मराठी मंडळी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये आल्यावर एखाद्या रायफल क्लबाची किंवा क्ले शूटिंगच्या मैदानाची वाट धरतात, तेव्हा नेम आणि बंदुकीची निवड यांविषयी त्यांना भरपूर मार्गदर्शन मिळते. घरातील अलार्मविषयी मात्र जे सांगितले जाते ते बहुतेक वेळा विक्रेत्याकडून येते. म्हणून हा लेख अलार्मच्या निवडीविषयी आहे, आणि त्यातील मुख्य मुद्दा असा की ही निवड दोन वेळांवरून करावी : चोरट्याला कॅबिनेट फोडायला किती वेळ लागेल, आणि मदत दारापर्यंत किती वेळात येईल. पहिली वेळ दुसरीपेक्षा जास्त असेल तरच अलार्मचा खरा उपयोग होतो.

येथील माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांना लागू आहे. उत्तर आयर्लंडचा शस्त्रकायदा वेगळा आहे. महाराष्ट्रातील परवानाधारकांना १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू असल्यामुळे त्यांनी यातील तांत्रिक भाग जरूर वाचावा, परंतु कायदेशीर भाग आपल्याला लागू आहे असे समजू नये.

पहिली पायरी : कायदा काय मागतो ते समजून घेणे

१९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली मिळणाऱ्या शॉटगन आणि फायरआर्म (म्हणजे रायफल वगैरे) या दोन्ही सर्टिफिकेटांवर साठवणुकीची अट छापलेली असते. तिचा आशय असा की शस्त्र प्रत्यक्ष वापरात नसेल तेव्हा ते अशा रीतीने ठेवावे की, व्यवहारात जितके शक्य आहे तितके, अनधिकृत व्यक्तीच्या हाती ते लागू नये. फायरआर्म सर्टिफिकेटखालील दारूगोळ्यालाही हीच अट लागू आहे. अटीचा भंग हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

या अटीत अलार्मचा उल्लेख नाही, कॅबिनेटचाही नाही. म्हणजे अमुक कंपनीचा अमुक अलार्म घेतला की कायद्याची पूर्तता झाली, असे कोणीही सांगू शकत नाही, आणि ‘पोलीसमान्य’ अशी जाहिरात पाहून घेतलेली वस्तू आपल्या घरासाठी पुरेशी ठरेलच असेही नाही. पोलीस होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याच्या, शस्त्रसुरक्षा पुस्तिकेचा आधार घेतात. तिच्यात सुरक्षेच्या चढत्या पातळ्या मांडल्या आहेत : आधी मजबूत कॅबिनेट आणि घराची चांगली कुलुपे, जोखीम वाढली की अलार्म, आणि त्याहून वाढली की बाहेरून देखरेख असलेला अलार्म. आपले घर कोणत्या पातळीत बसते, हे शस्त्रांची संख्या आणि प्रकार, परिसरातील घरफोड्या, घर एकाकी आहे की वस्तीत, आणि ते किती वेळ रिकामे राहते, यांवर ठरते.

एअर रायफल ठेवणाऱ्यांसाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या ऊर्जेने छर्रा सोडणाऱ्या एअर रायफलला सर्टिफिकेट लागत नाही. तरीही अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती ती अनधिकृतपणे लागू नये यासाठी वाजवी काळजी घेणे २०११ पासून बंधनकारक आहे. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून एअर रायफललाही परवाना लागतो. अशा घरात अलार्म नसला तरी चालेल, कुलूपबंद कपाट मात्र असायलाच हवे.

दुसरी पायरी : अलार्मच्या आधी कॅबिनेट आणि दारे

अलार्म चोराला थांबवत नाही. तो फक्त कोणाला तरी कळवतो, आणि कळवल्यानंतर मदत येईपर्यंतचा वेळ कॅबिनेटने आणि दारांनी काढून द्यायचा असतो. त्यामुळे पातळ पत्र्याच्या कपाटावर महागडा अलार्म बसवणे हा पैशाचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅबिनेट बीएस ७५५८ या ब्रिटिश मानकाचे असावे. ते विटांच्या किंवा काँक्रीटच्या भक्कम भिंतीला आतून किमान चार बोल्टांनी आवळावे, आणि शक्य असेल तर खाली जमिनीलाही. आजच्या अनेक नव्या घरांत आतल्या भिंती लाकडी चौकटीवर प्लास्टरबोर्ड ठोकून केलेल्या असतात. तेथे चार स्क्रू घट्ट बसल्यासारखे वाटतात, परंतु पहार लावताच भिंतीसकट निघून येतात. अशा घरात बाहेरची किंवा शेजारच्या घराला लागून असलेली विटांची भिंत शोधावी. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्यापूर्वी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी, कारण नंतर ती नाकारली गेली तर कॅबिनेटही जाईल आणि साठवणुकीची सगळी मांडणीही.

जागा निवडताना कॅबिनेट खिडकीतून किंवा दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला दिसणार नाही असे पाहावे. जिन्याखालचे कपाट, शयनगृहातील भिंतीत बसवलेले कपाट किंवा आतली साठवणीची खोली चांगली. घरापासून सुटे असलेले गॅरेज किंवा बागेतील शेड टाळावे : तेथे चोराला कोणी पाहत नाही, आणि कॅबिनेट कापण्याची हत्यारे बहुधा त्याच शेडमध्ये टांगलेली असतात. एक गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंना पहार घालायला जागा उरणार नाही अशा कोनाड्यात ते बसवले, तर ते फोडायला लागणारा वेळ काहीही जादा खर्च न करता वाढतो.

मुख्य दाराला बीएस ३६२१ मानकाचे डेडलॉक, युपीव्हीसीच्या दाराला टीएस ००७ च्या तीन तारांकित सिलिंडरचे कुलूप, आणि तळमजल्यावरील खिडक्यांना किल्लीची कुलुपे असावीत. हे काम झाल्यावरच अलार्मचा विचार सुरू करावा.

तिसरी पायरी : खरेदीपूर्वी पोलिसांना विचारणे

प्रत्येक पोलीस दलात शस्त्रपरवाना विभाग असतो, आणि घरी भेट देणाऱ्या अधिकाऱ्याला फायरआर्म्स एन्क्वायरी ऑफिसर म्हणतात. त्यांची भेट होण्यापूर्वीच अलार्मचा करार करून टाकण्याची घाई करू नये. भेटीत किंवा त्याआधी ई-मेलवर तीन गोष्टी विचाराव्यात : माझ्या घरासाठी, माझ्याकडे असणाऱ्या आणि पुढे घेण्याच्या शस्त्रांच्या संख्येसाठी अलार्म अपेक्षित आहे का, असल्यास केवळ सायरनचा पुरेल की देखरेखीचा हवा, आणि तो कोणत्या मानकाचा व ग्रेडचा असावा. उत्तर लेखी मागावे. दूरध्वनीवर मिळालेले उत्तर पाच वर्षांनी, सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाच्या वेळी, दुसरा अधिकारी आला की उपयोगी पडत नाही.

‘पुढे घेण्याच्या’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. आज एक शॉटगन असलेला मनुष्य तीन वर्षांत चार बंदुकांपर्यंत पोहोचणे ही या खेळातील नेहमीची गोष्ट आहे, आणि संख्या वाढली की अपेक्षित सुरक्षाही वाढते. सुरुवातीलाच थोडी वाढीव तयारी करून ठेवली तर पुन्हा भिंती फोडून तारा टाकण्याची वेळ येत नाही.

चौथी पायरी : प्रतिसाद कोण देणार, हे ठरवणे

अलार्मचे तीन प्रकार बाजारात दिसतात, आणि त्यांतील खरा फरक यंत्रापेक्षा प्रतिसादात आहे.

पहिला केवळ सायरनचा. तो वाजतो, शेजाऱ्यांनी ऐकला तर ऐकला, आणि बाहेरचा सायरन साधारण वीस मिनिटांत आपोआप बंद व्हावा असा संकेत आहे. दाट वस्तीत, शेजारी सतर्क असताना, एक-दोन शॉटगनसाठी हा पुरेसा ठरू शकतो. शेतावरील एकाकी घरात तो जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तेथे सायरन ऐकणारे कोणीच नसते आणि चोरालाही ते ठाऊक असते.

दुसरा मोबाइल अ‍ॅपवर सूचना पाठवणारा. हल्ली हाच सर्वाधिक विकला जातो, आणि याच्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अ‍ॅपवर सूचना आली म्हणून पोलीस येत नाहीत. पोलिसांच्या धोरणानुसार अशा व्यवस्थेला नोंदणी क्रमांक मिळत नाही; घरात गुन्हा घडतो आहे याचा स्वतंत्र पुरावा, उदाहरणार्थ प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार, असल्याशिवाय त्या हाकेला गाडी निघेलच याची खात्री नसते. शिवाय आपण पुण्याला सुट्टीवर असताना भारतीय वेळेनुसार पहाटे सूचना आली आणि फोन शांत करून ठेवलेला असला, तर ती व्यवस्था त्या रात्री नसल्यासारखीच. घरातील इतर वस्तूंसाठी अ‍ॅप घ्यावा, बंदुकीसाठी त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये.

तिसरा देखरेखीचा. यात अलार्मचा संदेश अलार्म रिसीव्हिंग सेंटरकडे, म्हणजे चोवीस तास माणसे बसलेल्या केंद्राकडे जातो, आणि केंद्र ठरलेल्या नियमांनुसार पोलिसांना कळवते. यासाठी घराच्या नावे पोलिसांकडून एक विशिष्ट क्रमांक, यूआरएन, घ्यावा लागतो. तो फक्त मान्यताप्राप्त संस्थेच्या देखरेखीखालील कंपनीने बसवलेल्या व्यवस्थेला मिळतो. अशा दोन प्रमुख संस्था म्हणजे एनएसआय आणि एसएसएआयबी. स्वतः बसवलेला संच कितीही चांगला असला तरी त्याला यूआरएन मिळत नाही, ही गोष्ट ऑनलाइन खरेदी करण्यापूर्वी लक्षात घ्यावी.

शस्त्रे जास्त असतील, घर एकाकी असेल किंवा वर्षातून मोठ्या सुट्टीसाठी रिकामे राहत असेल, तर माझा सल्ला निःसंदिग्धपणे तिसऱ्या प्रकाराचा आहे. भारतात जाऊन-येऊन असणाऱ्या कुटुंबांनी तर यावर जास्तच विचार करावा, कारण आपली तीन-चार आठवड्यांची अनुपस्थिती शेजाऱ्यांपासून पार्सलवाल्यापर्यंत सर्वांना दिसत असते. इतक्या दीर्घ काळासाठी शस्त्रे नोंदणीकृत विक्रेत्याकडे ठेवण्याचाही पर्याय आहे, आणि काही जणांसाठी तो अलार्मपेक्षा स्वस्त व निर्धोक ठरतो.

पाचवी पायरी : ग्रेड आणि मानके वाचता येणे

घरफोडीच्या अलार्मचे युरोपीय मानक बीएस ईएन ५०१३१ आहे, आणि ब्रिटनमध्ये ते पीडी ६६६२ या योजनेद्वारे लागू केले जाते. त्यात चार ग्रेड आहेत. पहिला ग्रेड अलार्मचे फारसे ज्ञान नसलेला चोर गृहीत धरतो. दुसरा मर्यादित ज्ञान आणि साधी हत्यारे असलेला. तिसरा अलार्मची चांगली माहिती व पुरेशी साधने असलेला. चौथा अत्यंत तयारीनिशी आलेला. सर्वसाधारण घरात दुसरा ग्रेड बसतो. बंदुकांची संख्या मोठी असेल किंवा संग्रह मौल्यवान असेल तर तिसऱ्याचा विचार करावा.

दुसऱ्या व तिसऱ्या ग्रेडमधील एक फरक बंदूकधारकासाठी विशेष महत्त्वाचा आहे. तिसऱ्या ग्रेडचे हालचाल टिपणारे सेन्सर झाकले गेले तर तेही कळवतात. दिवसा घरात कामासाठी आलेल्या कोणी सेन्सरवर चिकटपट्टी लावून ठेवली आणि रात्री परत आला, तर दुसऱ्या ग्रेडच्या साध्या सेन्सरला ते कळत नाही. मुख्य वीज गेल्यावर बॅटरीवर किती तास चालायचे, याचीही अपेक्षा ग्रेडनुसार वाढते; दुसऱ्या ग्रेडसाठी ती किमान बारा तासांची आहे.

संपूर्ण व्यवस्थेचा ग्रेड तिच्यातील सर्वांत कमी ग्रेडच्या भागाइतकाच धरला जातो. तिसऱ्या ग्रेडच्या पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य नियंत्रण पेटीला, पहिल्या ग्रेडचा स्वस्त वायरलेस सेन्सर जोडला, तर कागदावर व्यवस्था पहिल्या ग्रेडची झाली. कोटेशनमध्ये फक्त पॅनेलचा ग्रेड लिहिलेला असेल तर प्रत्येक भागाचा ग्रेड लिहून मागावा.

सहावी पायरी : सेन्सरांची मांडणी कॅबिनेटपासून बाहेरच्या दिशेने

बहुतेक कंपन्या मुख्य दारापासून सुरुवात करतात : दाराला संपर्क-सेन्सर, हॉलमध्ये हालचालीचा सेन्सर, झाले. बंदूक असलेल्या घरात उलट दिशेने विचार करावा. कॅबिनेटच्या दाराला उघडल्याची नोंद घेणारा सेन्सर लावावा. त्याच्या अंगाला किंवा मागच्या भिंतीला कंपन ओळखणारा सेन्सर लावावा, जेणेकरून पहारीचा पहिला घाव किंवा ग्राइंडरची पहिली घरघर दार उघडण्याच्या कितीतरी आधी टिपली जाईल. मग त्या खोलीत हालचालीचा सेन्सर. मग त्या खोलीकडे जाणारा मार्ग. आणि शेवटी घराची दारे-खिडक्या. जितक्या बाहेर पहिली सूचना मिळेल तितका वेळ हाती उरतो. फक्त कॅबिनेटच्या दारावर सेन्सर लावला तर अलार्म वाजेल तेव्हा चोराचा हात बंदुकीवर पोहोचलेला असेल.

या मांडणीला आणखी एक आधार आहे, आणि तो पोलिसांच्या प्रतिसादाशी थेट जोडलेला आहे. खोट्या हाकांना आळा घालण्यासाठी बीएस ८२४३ या मानकानुसार पोलिसांना कळवण्यापूर्वी अलार्मची पुष्टी व्हावी लागते. सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे ठरावीक कालावधीत दोन स्वतंत्र सेन्सरांनी सूचना देणे. आवाज किंवा चित्र यांवरूनही पुष्टी करता येते. एकाच सेन्सरने सूचना दिली तर केंद्र सहसा फक्त आपल्याला किंवा आपल्या कीहोल्डरला, म्हणजे घराची किल्ली सोपवलेल्या माणसाला, फोन करते. म्हणून कॅबिनेटभोवती एकच सेन्सर असेल तर, तो कितीही संवेदनशील असला तरी, पोलिसांची गाडी निघणार नाही. खोली आणि तिच्याकडे जाणारा मार्ग मिळून किमान दोन स्वतंत्र सेन्सर चोराच्या वाटेत आलेच पाहिजेत, आणि एकाच तंत्राचे दोन सेन्सर असतील तर त्यांचे क्षेत्र एकमेकांवर येता कामा नये. अन्यथा एकच उष्ण झोत किंवा एकच मांजर दोघांनाही चाळवेल आणि ती पुष्टी खरी राहणार नाही. कंपनीला नकाशावर बोट ठेवून विचारावे : ‘चोर या खिडकीतून आला, तर पुष्टी कोणत्या दोन सेन्सरांनी होईल?’ प्रत्येक दार-खिडकीसाठी समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.

कॅबिनेटसाठी स्वतंत्र झोन, म्हणजे अलार्मचा वेगळा चालू-बंद करता येणारा विभाग, ठेवावा, आणि तो उरलेल्या घराचा अलार्म बंद असतानाही चालू राहील असा असावा. रात्री माणसे वर झोपलेली असतात, दिवसा मुले खेळत असतात, घरकामाला कोणी आलेले असते; अशा वेळी संपूर्ण अलार्म लावता येत नाही, परंतु कॅबिनेटचा झोन चोवीस तास जागा राहू शकतो. तो बंद करण्याचा कोड फक्त सर्टिफिकेटधारकाजवळ असावा. तसेच हा झोन मुख्य दारातून आत आल्यावर कोड दाबण्यासाठी जी काही सेकंदांची सवलत मिळते तिच्याशी बांधलेला नसावा. कॅबिनेटला हात लागताच त्याने तत्क्षणी कळवावे.

पाळीव प्राणी असतील तर तसे सेन्सर घ्यावेत, काचेच्या कन्झर्व्हेटरीत आणि रेडिएटरसमोर उष्णतेवर चालणारा सेन्सर लावणे टाळावे, आणि लटकणारी सजावट किंवा फुगे सेन्सरच्या क्षेत्रात ठेवू नयेत. वाढदिवसाचा हेलियमचा फुगा रात्रभर खोलीत तरंगत राहून अलार्म वाजवतो, हे या व्यवसायातील सगळ्यांना परिचित आहे. कॅमेरा लावायचाच असेल तर तो खोलीच्या दाराकडे तोंड करून असावा. कॅबिनेट, त्याची किल्ली किंवा कोड दाबणारी बोटे क्लाउडवरील चित्रफितीत येऊ देऊ नयेत.

सातवी पायरी : संदेश बाहेर कसा जाणार

जुने अलार्म तांब्याच्या टेलिफोन तारेवरून संदेश पाठवत. ब्रिटनमधील ते जाळे बंद केले जात असून जानेवारी २०२७ ही त्याची अंतिम मुदत ठरलेली आहे. घर विकत घेताना आधीच्या मालकाचा ‘देखरेखीचा अलार्म’ मिळाला असेल, तर तो आजही कोणाला संदेश पाठवतो का, हे प्रथम तपासावे. ३जी मोबाइल जाळीही बहुतांशी बंद झाली आहेत, त्यामुळे सिमकार्डावर चालणारा जुना संचही मुका झालेला असू शकतो.

नवा संच दुहेरी मार्गाचा घ्यावा : एक मार्ग इंटरनेटवरून, दुसरा ४जी मोबाइल जाळ्यावरून. चोराने बाहेरील तार कापली किंवा वीज जाऊन ब्रॉडबँडचा राउटर बंद पडला, तर दुसरा मार्ग चालू राहतो, आणि एक मार्ग तुटल्याचे केंद्राला ठरलेल्या वेळेत कळते. ती वेळ किती, हे अवश्य विचारावे. काही मिनिटांत कळणे आणि दिवसातून एकदा कळणे, यांत फार मोठे अंतर आहे, आणि स्वस्त करारांत हेच अंतर लपलेले असते. राउटरसाठी छोटा बॅटरी संच घेतला तर वीज गेल्यावरही पहिला मार्ग काही तास टिकतो.

आठवी पायरी : कंपनी निवडणे, आणि तिला किती सांगावे

एनएसआय किंवा एसएसएआयबी यांच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव स्वतः शोधून पाहावे. गाडीवरील चिन्हावर विश्वास ठेवू नये. घरात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची बीएस ७८५८ प्रमाणे पार्श्वभूमी तपासली जाते का, हे विचारावे. किमान दोन-तीन कंपन्यांकडून लेखी कोटेशन घ्यावे आणि त्यात यंत्र, बसवणी, दरमहाचे देखरेख शुल्क, यूआरएनचे शुल्क, वार्षिक देखभाल आणि कराराची मुदत वेगवेगळी दाखवलेली असावी. संच आपल्या मालकीचा होणार की भाड्याचा, आणि कंपनी बदलल्यास दुसरी कंपनी तोच संच चालवू शकेल का, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे.

येथे गोपनीयतेचा प्रश्न येतो, आणि त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. कोटेशन मागणाऱ्या पहिल्या फोनवर ‘माझ्याकडे बंदुका आहेत’ असे सांगू नये. ‘भिंतीला आवळलेले एक लोखंडी कपाट आहे, त्याला स्वतंत्र झोन हवा’ एवढे पुरेसे आहे. ज्या कंपनीशी करार करायचा तिलाच, घर पाहून झाल्यावर, गरजेपुरते सांगावे. कीपॅडवर, अ‍ॅपवर किंवा केंद्राच्या यादीत झोनचे नाव ‘गन कॅबिनेट’ असे ठेवू नये. ‘कपाट २’ किंवा ‘मागची खोली’ असे काहीही चालेल. ‘येथे शस्त्रे आहेत’ असे सुचवणारे शिकारीचे किंवा क्लबचे स्टिकर गाडीवर आणि दारावर लावू नयेत. ही माहिती जेवढ्या जणांकडे जाईल तेवढी कॅबिनेटपर्यंत येणाऱ्या अनोळखी माणसांची शक्यता वाढते.

नववी पायरी : किल्ल्या, कोड आणि कीहोल्डर

अलार्म वाजल्यावर घर उघडून द्यायला कीहोल्डर लागतात. पोलिसांच्या धोरणानुसार यूआरएन असलेल्या घरासाठी असे किमान दोन असावेत, त्यांना अलार्म हाताळता यावा, आणि साधारण वीस मिनिटांत ते घरी पोहोचू शकावेत. शेजारी राहणारे काका-काकू किंवा जवळच राहणारा मित्र हे काम आनंदाने करतात. परंतु त्यांना घराची किल्ली आणि घराच्या अलार्मचा कोड द्यायचा. कॅबिनेटची किल्ली आणि कॅबिनेटच्या झोनचा कोड कदापि द्यायचा नाही. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ते अनधिकृत व्यक्ती आहेत.

हेच घरातील माणसांना लागू आहे, आणि ते आपल्याकडच्या कुटुंबांना पटवून द्यायला कधी कधी जड जाते. नवऱ्याच्या नावावर सर्टिफिकेट असेल आणि बायकोच्या नावावर नसेल, तर कॅबिनेटची किल्ली कुठे आहे हे तिला ठाऊक असता कामा नये. आईवडील सहा महिन्यांसाठी भारतातून आले असतील तरी त्यांनाही नाही. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. ज्याला किल्लीची जागाच ठाऊक नाही त्याच्यावर चोर दबाव आणू शकत नाही, आणि त्याला पोलिसांसमोर उत्तरही द्यावे लागत नाही. स्वयंपाकघरातील डबा, देव्हाऱ्याचा खण आणि मुख्य दारामागची खुंटी या जागा प्रत्येक चोर आधी शोधतो. किल्लीसाठी क्रमांकाच्या कुलपाची छोटी तिजोरी घेणे हा चांगला उपाय आहे, मात्र तिचा क्रमांक वाढदिवस किंवा घराचा पिनकोड नसावा.

दहावी पायरी : खोटे अलार्म आणि देखभाल

यूआरएन एकदा मिळाला की तो कायमचा राहतो, असे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये बारा महिन्यांच्या फिरत्या कालावधीत तीन खोट्या हाका पोलिसांपर्यंत गेल्या तर त्या घराचा पोलीस प्रतिसाद काढून घेतला जातो. तो गेला आणि आपल्या सुरक्षेची पातळी देखरेखीच्या अलार्मवर आधारलेली असेल, तर आपण शस्त्रपरवाना विभागाला कळवून तात्पुरती व्यवस्था विचारून घ्यावी. कळवले नाही आणि त्या काळात चोरी झाली, तर व्यवहारात शक्य ती काळजी घेतली होती हे दाखवणे अवघड जाते.

म्हणून बसवल्यानंतरचे पहिले काही आठवडे कंपनीला व्यवस्था चाचणीवर ठेवायला सांगावे. मुलांना, आजी-आजोबांना आणि कीहोल्डरांना कोड दाबण्याचा सराव द्यावा, आणि चुकून वाजल्यास केंद्राला सांगायचा परवलीचा शब्द पाठ करून घ्यावा. बहुतेक खोट्या हाका यंत्राने नव्हे, घाईत आत आलेल्या माणसाने दिलेल्या असतात.

केवळ सायरनच्या व्यवस्थेची वर्षातून एकदा आणि देखरेखीच्या व्यवस्थेची दोनदा तपासणी व्हावी. दोनपैकी एक दूरस्थ पद्धतीने चालते. पॅनेलची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. महिन्यातून एकदा आपणही कॅबिनेटच्या झोनची चाचणी घ्यावी : केंद्राला आधी कळवून, दार उघडून, आणि कॅबिनेटवर मुठीने ठोकून कंपनाचा सेन्सर जागा होतो का ते पाहून.

शेवटी कागदपत्रे. अलार्मचे अनुपालन प्रमाणपत्र, यूआरएनचे पत्र, देखभालीच्या नोंदी, कॅबिनेटच्या मानकाचा पुरावा आणि पोलिसांचे लेखी उत्तर एका फाइलीत ठेवावे. प्रमाणपत्रात कंपनीने लिहिलेला ग्रेड, मानक आणि मार्गांची संख्या कोटेशनशी जुळते का, हे हप्ता पूर्ण भरण्यापूर्वी पाहावे. घराच्या विमा कंपनीलाही अलार्मची माहिती द्यावी. अनेक विमाकरारांत अलार्म जाहीर केला की घर सोडताना तो लावलेला असणे ही अट होते, आणि न लावता बाहेर गेल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. घर बदलताना नवा पत्ता शस्त्रपरवाना विभागाला कळवावाच लागतो, आणि यूआरएन जुन्या घराचाच असल्यामुळे तो सोबत येत नाही. म्हणून नव्या घराच्या भिंती, कॅबिनेटची जागा आणि अलार्म तयार होईपर्यंत शस्त्रे नोंदणीकृत विक्रेत्याकडे ठेवण्याची व्यवस्था सामान हलवण्याच्या तारखेआधी करून ठेवावी.